रात्री ओलिताला जाताना अस्वल दिसतं, काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "आमचं शेत बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या अगदी कडेला. मी पुण्यात नोकरीला. यंदा बाबा रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जातात तेव्हा त्यांना अस्वल दिसलं, एकदा नाही दोनदा. यूट्यूबवर कोणी म्हणतं मेल्याचं सोंग घ्या, कोणी म्हणतं हात वर करून मोठं दिसा, गावात म्हणतात झाडावर चढा नाहीतर उताराने पळा. नक्की काय करायचं? आणि मित्रांना घेऊन तिकडे जंगलात फिरायला जायचा प्लॅन आहे, तो करावा का?"

मी विदर्भात जंगलालगतच्या गावांमध्ये याच विषयात काम करतो. म्हणजे हल्ला झाला की जायचं, जखमीला गाडीत घालायचं, पंचनाम्याच्या वेळी घरच्यांसोबत उभं राहायचं आणि मग आठवड्याभराने त्याच गावात बैठक घेऊन तेच तेच सांगायचं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते तिथून आलेलं आहे, आणि ते आपल्याकडच्या अस्वलाबद्दलच आहे.

तुम्ही विचारलंय अस्वल समोर आलं की काय करायचं. पण मी जखमी माणसाशी बोलतो तेव्हा जवळपास प्रत्येक वेळी गोष्ट एकाच वाक्याने सुरू होते, "दिसलंच नाही, एकदम अंगावर आलं". म्हणजे समोर आल्यावर विचार करायला वेळच मिळालेला नसतो. हात वर करू का आडवा पडू हे ठरवायच्या आत माणूस खाली असतो. म्हणून खरा प्रश्न असा आहे की तुमचे बाबा अस्वलाच्या वीस-पंचवीस फुटांवर पोचेपर्यंत त्याला ते येतायत हे कळलंच का नाही. हे अंतर सांभाळलं की बाकीच्या नव्वद टक्के गोष्टींची गरज पडत नाही. (नव्वद हा आकडा बोलण्यातला आहे, कोणी मोजलेला नाही.)

आता यूट्यूबचा गोंधळ. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिका-कॅनडातले असतात. तिथे तपकिरी अस्वल म्हणजे ग्रिझली वेगळं आणि काळं अस्वल वेगळं, आणि दोघांसाठी सल्लासुद्धा उलटा: ग्रिझलीने पकडलं तर पालथं पडून निपचित राहा, काळ्याने पकडलं तर प्रतिकार करा. तिकडे लोक कमरेला बेअर स्प्रे लावून फिरतात, तो साधारण तीस फुटांपर्यंत ढग सोडतो. आपल्याकडे मुलींच्या पर्समधला जो छोटा पेपर स्प्रे मिळतो तो ते काम करणार नाही, त्याच्या भरवशावर कोणी जाऊ नका. आणि आपल्याकडेही सगळीकडे एकच अस्वल नाही. उत्तराखंड-काश्मीरमध्ये ट्रेकला गेलात तर तिथे हिमालयातलं काळं अस्वल आहे. विदर्भ, मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, तुमचं ज्ञानगंगा, इथे सगळीकडे जे आहे ते लांब केसांचं, पांढुरक्या तोंडाचं, छातीवर इंग्रजी व्हीसारखा पांढरट पट्टा असलेलं, ज्याला इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात ते. ज्ञानगंगा म्हटलं की लोकांना 2019 साली टिपेश्वरहून चालत चालत आलेला तो कॉलरवाला वाघ आठवतो, पण शेतकऱ्याला विचाराल तर तो वाघाचं नाव काढत नाही, अस्वलाचं काढतो.

आणि हे बरोबरच आहे. वाघ, बिबट्या माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा बाजूला होतो. अस्वलाचं तसं नाही. अभ्यासक असं मांडतात की हा प्राणी हजारो वर्षं वाघ-बिबट्याच्या शेजारी वाढला, झाडावर चढून सुटका नाही कारण बिबट्या वर येतो, वाघापुढे पळण्यात फार दम नाही, मग उरतं काय, तर एकदम अंगावर जाऊन समोरच्याला दचकवायचं आणि तेवढ्यात निसटायचं. म्हणजे त्याला तुम्हाला खायचं नसतं. घाबरलेलं असतं म्हणून ते मारतं. पण त्याच्या पुढच्या पंज्याची नखं तीन-चार इंची असतात, मोठ्या नराचं वजन शंभर किलोच्या वर जातं आणि ते नेमकं डोक्यावर, चेहऱ्यावर येतं, त्यामुळे "घाबरून मारलं" याने जखमीला काही फरक पडत नाही.

आता ते दचकतं का, हे नीट समजून घ्या, कारण सगळे उपाय इथूनच निघतात. त्याची नजर अधू, कान बेताचे, नाक मात्र जबरदस्त. ते जगतं मुख्यतः उधई (वाळवी) आणि मुंग्यांवर. वारूळ पुढच्या नखांनी फोडायचं, तोंड आत घालायचं, आधी फुंकर मारून माती उडवायची आणि मग ओढायचं. वरचे पुढचे दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून ते उधई ओढतं, आणि हा आवाज बशीतला चहा फुर्रकन ओढावा तसा पण कितीतरी मोठा, शांत रात्री शंभर-दीडशे मीटरवरून ऐकू येतो. माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटायची सोय त्याला असते. म्हणजे बघा, डोकं मातीत, नाक मिटलेलं, स्वतःच्याच आवाजाने कान भरलेले, आणि मागून तुम्ही मोबाइलच्या उजेडात पाय बघत बघत गुपचूप चालत येताय. वारा तिकडून तुमच्याकडे असेल तर वासही जात नाही. त्याला कळतं तेव्हा तुम्ही दहा पावलांवर असता.

आता तुमच्या बाबांचं शेत घ्या. हरभरा म्हणजे रब्बी, म्हणजे थंडी. शेतीची लाईन, म्हणजे वीज, बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि रात्रीच्या पाळीत माणूस मध्यरात्री मोटर चालू करायला निघतो. याच दिवसांत बांधावरची बोरं पिकलेली असतात, आणि बोर हे अस्वलाचं आवडतं खाणं. याच दिवसांत, डिसेंबर-जानेवारीच्या आसपास, माद्या कपारीत पिलं घालतात. दोन-अडीच महिन्यांनी मादी पिलांना पाठीवर घेऊन बाहेर पडायला लागते आणि मग ती कुठलाही धोका पत्करत नाही. म्हणजे अस्वल आणि शेतकरी दोघांचीही कामाची वेळ तीच आणि जागाही तीच. यात अस्वल बिघडलंय, माणसावर चटावलंय वगैरे काही नाही.

इतर महिन्यांत जागा बदलते इतकंच. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की बाया पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला की फुलं दुसरी कोणीतरी वेचून नेतं, आणि अस्वलही नेमकं त्याच वेळी झाडाखाली असतं. मेळघाट, गोंदिया, गडचिरोलीकडे हा काळ सगळ्यात वाईट. मग तेंदूपत्ता, त्याच झुडपांजवळ पिकलेली टेंभरं (तेंदूची फळं). नंतर जांभूळ, पावसाळ्यात ओल्या मातीतली वारुळं, दिवाळीच्या सुमारास सीताफळं. शेतात मका असेल तर मक्यातही येतं. आपल्याकडचं अस्वल थंडीत झोपून राहत नाही, बारा महिने फिरतं, त्यामुळे "आता हिवाळा आहे, येणार नाही" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

मग बाबांनी काय करायचं. माझा पहिला सल्ला ऐकून हसाल, पण अस्वलापासून वाचायचा सगळ्यात भारी उपाय म्हणजे मोबाइल स्टार्टर. घरी बसून मोटर चालू-बंद करता आली तर रात्रीची निम्मी ये-जा तिथेच संपते. तुषार संच असेल तर पाईप बदलायला जावंच लागतं हे मला माहीत आहे, पण एका रात्रीत दोन-तीन वेळा पाईप हलवायच्या ऐवजी जास्त नोझल लावून एकदाच मांडून ठेवता येतील का ते बघा. ठिबक झालं तर अजून चांगलं. आणि सौर पंपासाठी अर्ज केला नसेल तर करा, "मागेल त्याला सौर कृषी पंप" ही योजना सरकारची आहेच, दिवसा पाणी मिळालं की हा सगळा लेखच वाचायची गरज नाही. मिळायला वेळ लागतो, मान्य, म्हणून पुढचं सांगतो.

जायचंच असेल तर एकट्याने नाही. शेजारच्या शेतकऱ्याचीही तीच पाळी असते, दोघांनी मिळून आधी एकाचं आणि मग दुसऱ्याचं करायचं. मी बघितलेल्या हल्ल्यांमध्ये बहुतेक वेळा माणूस एकटा होता, किंवा चौघं होती पण एकमेकांपासून लांब लांब विखुरलेली होती. बरोबर चालायचं आणि बोलत चालायचं. एकटंच जावं लागलं तर खोकायचं, गाणं म्हणायचं, काठी आपटायची, बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा काठीला बांधला तर काठी टेकताना आपोआप आवाज होतो आणि हात मोकळा राहतो, हा उपाय स्वस्त आहे आणि म्हाताऱ्या माणसांनाही पटतो. कानात इअरफोन घालून भजन ऐकत जाणं मात्र बंद. ऐकायचंच असेल तर मोबाइल खिशात मोठ्या आवाजात लावा.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मोटर चालू असते, पाट वाहत असतो, तुषारची नोझल टिकटिक करत असतात, तिथे तुमचा आवाज दबतो. विहिरीजवळ किंवा नाल्याच्या कडेला जाताना नेहमीपेक्षा जास्त ओरडायचं, आणि थोडं थांबून मगच पुढे पाऊल टाकायचं. तेच वळणावर, तेच उंच तुरीच्या किंवा मक्याच्या पट्ट्यातून जाताना. मी तर सांगतो तुरीतून जाऊच नका, चार मिनिटं जास्त लागली तरी उघड्या रस्त्याने जा.

बॅटरी चांगली घ्या. मोबाइलचा उजेड पायापुरता पडतो. डोक्याला लावायचा टॉर्च आणि हातात लांब पल्ल्याची बॅटरी असं दोन्ही असलं तर बरं, आणि उजेड फक्त पायवाटेवर न ठेवता दर पन्नास पावलांवर एकदा डावीकडून उजवीकडे फिरवायचा. डोळे चमकले तर तिथेच थांबायचं, बघू काय आहे म्हणून पुढे जायचं नाही. बांधावरची बोरीची जाळी मोटरच्या पायवाटेला लागून असेल तर ती काढा किंवा निदान पायवाट बदला. मी सगळ्या बोरी तोडा म्हणत नाही, लांबच्या बांधावर राहू द्या, खाणं तिकडे मिळालं तर ते तिकडेच राहील. वारुळाचंही तेच, वाटेच्या अगदी कडेला मोठं वारूळ असेल तर वाट फिरवून घ्या.

आणि एक लाजायचा विषय नाही पण लोक लाजतात. पहाटे उघड्यावर शौचाला जाणं. माणूस झुडपाच्या आडोशाला एकटा, गप्प आणि खाली बसलेला. असे किती जखमी मी बघितलेत. घरी संडास आहे तर वापरा, शेतात राहायला असाल तरी उजाडल्यावर जा, उघड्या जागेत जा, आणि बसायच्या आधी दोन दगड झुडपात टाका.

कुत्रं नेऊ का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. अवलंबून आहे. पायाशी राहणारं, लांबून भुंकून सांगणारं कुत्रं असेल तर उपयोग होतो. मोकाट पळणारं कुत्रं झुडपात घुसतं, अस्वलाला डिवचतं आणि मग जीव वाचवायला मालकाकडे पळत येतं, मागे अस्वल. साखळीत राहत नसेल तर घरीच ठेवा. सुतळी बॉम्बबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. अस्वल त्याने पळतं, पण कुठल्या बाजूला पळेल हे तुमच्या हातात नसतं, आणि तिकडे दुसऱ्याच्या शेतात माणूस असतो. शिवाय उन्हाळ्यात जंगलाला आग लागते ते वेगळं. कुंपणात थेट लाईनचा करंट सोडणं तर अजिबात नाही, तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात, आपल्याच घरातलीसुद्धा. सोलरचं झटका मशीन वेगळं, ते ठीक आहे.

दिवसा बाबांसोबत शेताला एक फेरी मारा आणि खुणा बघा. ताजं खणलेलं वारूळ, माती अजून ओलसर, आत बोटभर नव्हे, मुठीएवढं भोक. विष्ठेत बोरांच्या बिया किंवा किड्यांचे चकाकणारे पंख-कवच. मागच्या पायाचा ठसा लहान माणसाच्या अनवाणी पावलासारखा वाटतो, पण पाच बोटं जवळपास एका ओळीत असतात, आणि पुढच्या पंज्याच्या बोटांपुढे चांगल्या अंतरावर नखांचे टोचे उमटलेले असतात. खुणा कुठून कुठे जातात ते बघितलं की कळतं, बहुतेक वेळा एखाद्या नाल्यातून येतं आणि त्याच नाल्याने परत जातं. तो नाला अंधारात ओलांडायचा नाही, एवढं जरी ठरवलं तरी पुष्कळ झालं.

आता दिसलंच तर. लांब असेल, म्हणजे शंभर मीटर किंवा जास्त, आणि त्याचं लक्ष नसेल, तर आलात तसे मागे फिरा आणि वाट बदला, व्हिडिओ काढत उभे राहू नका. ते आणि त्याची कपार किंवा नाला यांच्या मध्ये तुम्ही येत नाही ना, एवढं बघा. जवळ असेल आणि त्याने तुमच्याकडे तोंड केलं असेल, तर जिथे आहात तिथे थांबायचं, खालच्या आवाजात बोलायला लागायचं, काहीही बोला, "जा बाबा, जातो मी" म्हणा, म्हणजे त्याला कळतं की हा माणूस आहे आणि कुठे आहे. बोलत बोलत तिरकं मागे सरकायचं, पाठ न फिरवता. ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं तर लगेच हल्ला असं समजू नका, बरेचदा ते वास घेत असतं. पण हे सगळं मोकळ्या जागेत आणि वीस-तीस मीटरवर. पिलं दिसली तर हे अंतर दुप्पट धरा, आणि पिलू एकटं दिसलं तर ते एकटं नाही हे लक्षात ठेवा.

हात वर करून मोठं दिसणं मी जवळून कोणाला सांगत नाही. चार-पाच जण असाल तर एकमेकांना चिकटून उभे राहा, काठ्या पुढे धरा, सगळे मिळून ओरडा, त्याचा उपयोग होतो. एकट्या माणसाने दहा फुटांवर हात हलवले तर त्याला आव्हानच वाटेल.

पळायचं नाही. उताराने पळा, कारण त्याचे केस डोळ्यावर येतात, हे मी प्रत्येक जिल्ह्यात ऐकलंय आणि ते खरं नाही. ते चढावर, उतारावर, दगडात, सगळीकडे तुमच्यापेक्षा जोरात पळतं. झाडावरही चढतं, मधाच्या पोळ्यासाठी चांगलं उंच चढतं. शाळेत आपण दोन मित्रांची गोष्ट ऐकलेली असते, एक झाडावर चढला आणि दुसरा श्वास रोखून पडला, अस्वल येऊन हुंगून गेलं. पहिल्याचं अनुकरण करू नका. दुसऱ्याचं निम्मं बरोबर आहे, पण तो चित्रात नेहमी उताणा पडलेला दाखवतात आणि तिथेच घोटाळा होतो.

कारण अंगावर आलंच आणि हातात काही नसेल, तर पालथं पडायचं. चेहरा जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेच्या मागे गुंफलेली, कोपरं पुढे आणून गाल-कान झाकलेले. पाय थोडे फाकवायचे म्हणजे ते सहज उलटं करू शकत नाही. पाठीवर बॅग असेल तर राहू द्या. त्याने उलटवलंच तर तसंच लोळत पुन्हा पालथं व्हायचं. यात पाठ, दंड, बोटं फाटतील, खोटं सांगत नाही. पण डोळे, जबडा आणि मानेच्या शिरा वाचतात, आणि माणूस पुढे कसा जगतो ते यावरच ठरतं. आपल्या अस्वलाचा हल्ला बहुतेक वेळा थोडक्यात आटपतो, ते दोन-चार तडाखे देऊन निघून जातं. ओरडणं थांबवा, हलू नका, आणि ते गेलंय असं वाटलं तरी लगेच उठू नका, थोड्या अंतरावर थांबून ते बघत असतं आणि हालचाल दिसली की परत येतं.

लांब असताना मात्र आधीच आडवं पडू नका. आडवं पडणं हा अगदी शेवटचा उपाय, ते भिडायच्या क्षणीचा.

हातात काठी किंवा कुऱ्हाड असेल तर? इथे अनुभवी माणसांतही एकमत नाही. मी काठीने तोंडापुढे अडवून वाचलेली माणसं बघितली आहेत आणि कुऱ्हाड उगारून जास्त फाटलेलीही. माझं मत असं: काठी लांब असेल, तुम्ही उभे असाल आणि पाय घट्ट असतील तर काठी दोघांच्या मध्ये आडवी धरा, त्याला त्या काठीला चावू द्या, मारायला उगारू नका कारण उगारताना तुमचा चेहरा उघडा पडतो. तोल गेला की मग काठी सोडा आणि मान झाका. साठीच्या पुढच्या माणसाला मी झटापट करायला सांगणार नाही. तुमच्या बाबांना पालथं पडायचं आत्ताच एकदा करून दाखवा, अंगणात, हसतील, पण करायला लावा. तोंडी सांगितलेलं त्या वेळेला आठवत नाही.

सोबत दुसरा माणूस असेल आणि अस्वल एकाला भिडलं असेल तर दुसऱ्याने पळून न जाता लांबूनच जोरात आरडाओरडा, डबे वाजवणं, बॅटरीचा झोत तोंडावर. बऱ्याचदा ते सोडून निघतं. पण ते निघून गेल्यावर गावातली पोरं काठ्या घेऊन त्याला शोधायला झुडपात घुसतात ना, ते थांबवा, प्लीज. एका जखमीचे चार जखमी असेच होतात. ते कुठेतरी लपलेलं असेल तर सगळ्यांनी लांब व्हायचं, त्याला जायला एक बाजू मोकळी ठेवायची आणि वनविभागाला फोन. हेल्पलाईन 1926. तुमच्या बीटच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या जंगलाच्या, वनरक्षकाचा नंबर बाबांच्या फोनमध्ये आजच टाकून द्या, कारण रात्री सगळ्यात आधी तोच पोचतो.

जखमीला 108. गाडी येईपर्यंत स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा. डोक्याची कातडी सोलून लोंबत असेल तर ती कापू किंवा फेकू नका, जागेवर परत ठेवून वरून दाबा, डॉक्टर ती शिवतात. डोळ्याला लागलं असेल तर झाका पण दाबू नका. तोंडातून, नाकातून रक्त येत असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर त्याला पुढे वाकवून बसवा, बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, उताणं ठेवलं तर रक्त घशात जाऊन गुदमरतो. हळद, चुना, डिझेल काहीही लावायचं नाही. चेहऱ्याची मोठी जखम असेल तर पहिल्या दवाखान्यात रक्त थांबवून सरळ मोठ्या ठिकाणी न्या, तुमच्याकडून अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि रेबीज. हे लोक हमखास विसरतात कारण सगळं लक्ष टाक्यांकडे असतं. रानटी प्राण्याने चावून किंवा ओरबाडून कातडी फाटली म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा धोका धरतात. लहान जखमा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायच्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस, आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. हे शेवटचं स्वतः तोंडाने मागा. लसीचे पुढचे डोस ठरलेल्या तारखांना, घरी आल्यावर बरं वाटतंय म्हणून सोडायचे नाहीत.

नुकसानभरपाई हल्ल्याच्या रात्री कोणालाच सुचत नाही, पण नंतर फार कामाला येते. वाघ-बिबट्याप्रमाणे अस्वलाच्या हल्ल्यालाही राज्य सरकारची मदत आहे, माणूस दगावला तर वारसांना 25 लाख, आणि जखमी झाला तर जखमेनुसार. त्यासाठी वनविभागाला लवकरात लवकर कळवणं, जागेवर पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लागतात. जागेवरचे फोटो काढून ठेवा, रक्ताचे कपडे लगेच धुवून टाकू नका, आणि केसपेपरवर "अस्वलाच्या हल्ल्यात जखमी" असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "प्राणीदंश" लिहिलेल्या कागदावरून लोकांना महिनोनमहिने फेऱ्या मारताना बघितलंय.

आता तुमच्या मित्रांचं. अभयारण्यात परवानगीशिवाय पायी फिरणं कायद्याने चालत नाही, गावचे असलात तरी. ओळखीचा कोणीतरी नेतो आत, असं बरेच जण करतात, त्यात पडू नका. त्यातून तुम्ही सात-आठ जण, अर्धे पहिल्यांदाच जंगलात, एक जण पुढे पळतो, एक जण कपारीत डोकावतो, कोणीतरी रील काढायला मागे राहतो. कपारीत डोकावणं हे तर डिसेंबर ते मार्च अजिबात नको, आत मादी आणि पिलं असू शकतात. फिरायचंच असेल तर वनविभागाच्या गाडीतून सफारी घ्या. आणि खरंच अस्वल बघायची हौस असेल तर बुद्ध पौर्णिमेपर्यंत थांबा. त्या रात्री वनविभाग पाणवठ्यांजवळ मचाणींवर लोकांना बसवतो, नावनोंदणी आधी करावी लागते आणि जागा पटकन भरतात. उन्हाळ्यात पाणी कमी असल्यामुळे अस्वल तिथे यायची शक्यता चांगली असते, चांदण्यात काळं दिसतं, तुम्ही वर आणि ते खाली.

बाबांच्या शेताची अजून थोडी माहिती दिलीत तर नेमकं सांगता येईल. विहीर आणि घर यात अंतर किती, मध्ये नाला लागतो का, बाजूला तूर आहे की कपाशी, आणि दोन्ही वेळा अस्वल एकाच जागी दिसलं का. एकाच जागी दिसलं असेल तर तिथे काहीतरी खाणं आहे, ते आधी शोधा.